ज्यूलियन बॉन्ड यांची 'हकालपट्टी' झाली नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीवर पानभर लेख आला. मी सध्या अटलांटाजवळ अल्फारेटा येथे मुलीकडे आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक अक्षर त्रास देते, म्हणून मुलीने तो लेख मोठ्याने वाचून दाखवला. लेख चांगला आहे. मात्र ज्यूलियन बॉन्ड यांच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आले आहे आणि तेच चुकले आहे. 'युद्धविरोधी वक्तव्यामुळे जॉर्जियाच्या विधानसभेतून हकालपट्टी झालेले कृष्णवर्णीय आमदार,' असे ते वाक्य. मी मुलीला तिथेच थांबवले. ती म्हणाली, "बाबा, एका शब्दाने काय होतं?"

मी 31 वर्षे विधिमंडळात प्रतिवेदक होतो. सभागृहाच्या मध्यभागी टेबलाशी बसून सदस्य बोलतील ते लघुलिपीत उतरवायचे, पाळी संपली की उठून त्याचे मराठीत टंकलेखन करायचे, हे माझे काम. अध्यक्षांनी एखादा शब्द कामकाजातून काढून टाकला की आम्ही त्यावर रेघ मारत असू. एका शब्दाने काय होते ते मी रोज पाहिले आहे. म्हणून हे पत्र. ते लांबले तर कात्री लावायचा अधिकार आपला आहे, पण शेवटची विनंती तेवढी ठेवावी.

हकालपट्टी त्याची होते, जो आत आहे. ज्याने शपथ घेतली, जो बाकावर बसला, त्याला सभागृह घालवून देते. बॉन्ड यांना सभागृहाने आत येऊच दिले नाही. शपथच दिली नाही. कायद्याच्या दृष्टीने या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि बॉन्ड यांच्या खटल्याचा जीव त्या फरकातच आहे.

1965 पर्यंत जॉर्जियात मतदारसंघांची वाटणी अशी होती, की शहरातल्या मताला खेड्यातल्या मताच्या तुलनेत फारच थोडी किंमत उरे. न्यायालयांनी ती मोडायला लावली, फेररचना झाली आणि अटलांटाच्या वाट्याला जास्त जागा आल्या. त्यातली एक 136 क्रमांकाची. मतदार सुमारे 6,500, त्यांतले 6,000 कृष्णवर्णीय. 15 जून 1965 रोजी तिथे निवडणूक झाली. पंचवीस वर्षांच्या बॉन्ड यांना 2,320 मते पडली आणि विरोधकाला 487. विरोधक अटलांटा विद्यापीठातले एक अधिकारी होते, तेही कृष्णवर्णीयच. हे दोन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे आणखी दोन जोड्या येणार आहेत.

बॉन्ड काही रस्त्यावर घोषणा देत मोठे झालेले नव्हते. आजोबा जेम्स बॉन्ड केंटकीत गुलाम आईच्या पोटी जन्मले आणि पुढे पदवीधर झाले. वडील होरेस मान बॉन्ड पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. घर पुस्तकांचे. ज्यूलियन स्वतः कविता करत. अटलांटाच्या मोरहाउस महाविद्यालयात शिकत असताना मार्च 1960 मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या उपाहारगृहात, जिथे काळ्या माणसाला वाढत नसत, मित्रांना घेऊन जाऊन बसायचे धाडस केले आणि अटक करून घेतली. पुढच्याच महिन्यात विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती स्थापन झाली. तिला सगळे 'स्निक' म्हणत. तिच्या प्रसिद्धीचे काम बॉन्ड यांच्याकडे आले. मिसिसिपीत कोणाला मारहाण झाली, अलाबामात कोणाला कोंडले, हे फोनवरून टिपून घ्यायचे आणि वृत्तपत्रांना कळवायचे. म्हणजे एका अर्थी तेही प्रतिवेदकच. मला हा माणूस जवळचा वाटतो तो इथपासून.

3 जानेवारी 1966 रोजी अलाबामातल्या टस्कीगी गावी सॅमी यंग नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाला पेट्रोल पंपावर गोळी घातली. तो नौदलात नोकरी करून आलेला. गोऱ्यांसाठी राखून ठेवलेले स्वच्छतागृह वापरायला गेला, एवढेच कारण. तीन दिवसांनी स्निकने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निवेदन काढले. ज्या देशात नौदलातून आलेल्या माणसाचा असा जीव जातो तो देश दुसऱ्यांना कसले स्वातंत्र्य देणार, असा त्याचा रोख. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देणाऱ्या तरुणांबद्दल त्यात सहानुभूती होती, पाठिंबाही होता. निवेदन वाचून दाखवले ते संघटनेचे अध्यक्ष जॉन लुईस यांनी. हे नावही लक्षात असू द्यावे. मसुदा करण्यात बॉन्ड यांचा हात नव्हता. पण त्याच दिवशी एका रेडिओ वार्ताहराने फोन करून विचारले, तुम्हाला हे मान्य आहे का? ते 'हो' म्हणाले. आपण शांततावादी आहोत, या आणि कोणत्याही युद्धाच्या विरोधात आहोत, असेही म्हणाले.

चार दिवसांनी, 10 जानेवारीला, अधिवेशन सुरू झाले. तोपर्यंत 75 सदस्यांनी अर्जांवर सह्या केल्या होत्या, की या माणसाला बसू देऊ नये. शपथ द्यायची वेळ आली तेव्हा सभागृहाच्या सचिवांनी बॉन्ड यांना बाजूला राहायला सांगितले. आदल्या वर्षी निवडून आलेल्या इतर कृष्णवर्णीय सदस्यांनी शपथ घेतली. त्यांना अडवले नाही. म्हणून 'वर्णावरून नाकारले' एवढेच म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. नाकारले ते बोलण्यावरून.

त्याच दिवशी एका समितीपुढे सुनावणी झाली. तिचा वृत्तान्त सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे आणि तो भाग मी तीनदा वाचला. बॉन्ड यांच्याविरुद्ध साक्ष कोणाची, तर त्यांची स्वतःचीच. त्यांच्या मुलाखतीची ध्वनिफीत लावली आणि मग त्यांनाच उभे करून उलटतपासणी घेतली. ज्या दोघांना त्यांनी हरवले होते, एकाला पक्षांतर्गत निवडणुकीत आणि दुसऱ्याला मुख्य निवडणुकीत, ते दोघे मात्र त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला आले. माणूस चारित्र्याचा आहे, देशनिष्ठ आहे, असे सांगून गेले. हरलेला उमेदवार जिंकलेल्याची जागा वाचवायला येतो, हे माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी पाहिले नाही. आपल्या लेखकांनी बॉन्ड यांच्यावर आणखी एक वाक्य लिहिले असते, तर ते या दोघांवर लिहावे असे मी सुचवले असते.

सैन्यभरतीची कार्डे जाळण्याबद्दल समितीने त्यांना खोदून विचारले. त्यांचे उत्तर असे, की मी कोणालाही कार्ड जाळायला सांगितलेले नाही. माझे कार्ड या घटकेला माझ्या खिशात आहे, म्हणाल तर काढून दाखवतो. परिणाम ठाऊक असूनही जो आपल्या मताप्रमाणे वागतो त्याच्या धैर्याचे मला कौतुक आहे, एवढेच मी म्हणालो.

हे वाचताना माझ्या हाताची बोटे आपोआप हलतात. अशी उत्तरे उतरवताना प्रतिवेदकाला कळते, की माणूस शब्द तोलून बोलतो आहे. 'सांगितले' आणि 'कौतुक केले' या दोन क्रियापदांत तो सरळ रेघ ओढत होता. समितीने त्या रेघेकडे पाहिले नाही. संध्याकाळपर्यंत ठराव मांडला गेला. बॉन्ड यांना शपथ घेऊ देऊ नये, सदस्य म्हणून बसू देऊ नये. बाजूने 184, विरुद्ध 12.

मतपेटीतून 2,320 विरुद्ध 487. सभागृहात 184 विरुद्ध 12. ज्या 184 जणांनी हात वर केले, त्यांच्यातला एकही 136 क्रमांकाच्या मतदारसंघातून आलेला नव्हता. तिथून आलेला एकच होता आणि तो बाहेर उभा होता.

मार्टिन ल्यूथर किंग यांचा या प्रकरणाशी असलेला संबंध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. ते बॉन्ड यांचे नेते होते, महाविद्यालयात त्यांना त्यांनी शिकवलेही होते. पण न्यायालयात ते गेले ते नेते म्हणून नव्हे. किंग यांचे घर व्हाइन सिटी भागात सनसेट अॅव्हेन्यूवर होते आणि तो भाग याच मतदारसंघात येत होता. किंग हे बॉन्ड यांचे मतदार होते! बॉन्ड यांच्या दाव्यात त्यांनी आणि त्याच भागातल्या एका बाईंनी मतदार म्हणून आपली नावे घातली. आमचा प्रतिनिधी तुम्ही बाहेर ठेवलात, तेव्हा आमची जागा रिकामी केलीत, हे त्यांचे म्हणणे. 14 जानेवारीला किंग यांनी विधानभवनावर मोर्चा नेला. योगायोगाने तो बॉन्ड यांचा सव्विसावा वाढदिवस होता.

गेल्या महिन्यात जावई मला व्हाइन सिटीत घेऊन गेले. मेट्रोचे स्टेशन आहे, शेजारी फुटबॉलचे प्रचंड स्टेडियम उभे आहे. त्याच्या सावलीत काही घरे पडकी, काही नव्याने रंगवलेली. किंग यांचे विटांचे घर साधे आहे, आपल्याकडच्या एखाद्या सुखवस्तू शिक्षकाने बांधावे तसे. मी समोरच्या पदपथावर उभा राहून विधानभवन कुठल्या दिशेला येते ते जावयांना विचारले. दोन मैलांच्या आत आहे. सोनेरी घुमट आहे, उत्तर जॉर्जियातल्या डलॉनेगा गावच्या सोन्याचा मुलामा दिलेला. आता त्या आवारात किंग यांचा पुतळाही आहे, 2017 मध्ये बसवलेला. अधिवेशन नव्हते. वरच्या सज्जातून मी रिकामे सभागृह पाहिले. नोकरीत असताना अधिवेशन संपल्यावर मी असा रिकाम्या सभागृहात थांबत असे, टाचण राहिले आहे का पाहायला. रिकामे बाक सगळे सारखेच दिसतात. 1966 मध्ये वर्षभर त्यांतला एक बाक रिकामा होता आणि त्यावर साडेसहा हजार लोकांचे नाव होते.

वर्षभर म्हणालो त्याचे कारण असे. खालच्या न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे बॉन्ड दोन विरुद्ध एक असे हरले. एल्बर्ट टटल यांनी एकट्यांनी विरोधी मत दिले. बहुमतातले ग्रिफिन बेल पुढे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे महान्यायवादी झाले. तिकडे 'रिक्त' झालेल्या जागेसाठी 23 फेब्रुवारीला पोटनिवडणूक लावली गेली. बॉन्डच उभे राहिले, बॉन्डच प्रचंड मतांनी निवडून आले. सभागृहाच्या नियम समितीने त्यांना बोलावून विचारले, आता तरी शब्द मागे घेता का? ते नाही म्हणाले. पुन्हा शपथ नाही. मग सप्टेंबरात पक्षांतर्गत निवडणूक, तीही जिंकले. 8 नोव्हेंबरला सार्वत्रिक निवडणूक, तीही जिंकले. दीड वर्षात मतदारांनी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा पाठवले. यापेक्षा स्पष्ट मराठीत, म्हणजे त्यांच्या स्पष्ट इंग्रजीत, लोक काय सांगणार होते?

5 डिसेंबर 1966 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी तो लिहिला. जॉर्जियाचा युक्तिवाद असा होता, की सामान्य नागरिकाला जे बोलता येते ते आमदाराला येत नाही, कारण त्याने राज्यघटनेची शपथ घ्यायची असते, आणि असे बोलणारा माणूस ती शपथ मनापासून घेऊच शकत नाही. न्यायालय म्हणाले, शपथ घ्यायला तो तयार आहे. ती मनापासून आहे की नाही हे बहुमताने ठरवू दिले, तर निष्ठा तपासण्याच्या नावाखाली सहकाऱ्यांशी किंवा सरकारशी मतभेद असणाऱ्या कोणालाही बाहेर ठेवता येईल. आणि आमदाराला नागरिकापेक्षा कमी बोलता येते हेही चूक आहे. वादाच्या प्रश्नांवर त्याने मत मांडलेच पाहिजे, कारण त्याशिवाय त्याच्या मतदारांना तो कोण आहे हे कसे कळणार?

हे शेवटचे वाक्य मी वहीत मराठीत उतरवून ठेवले आहे. शब्दशः अवतरण नाही, पण आशय तोच.

9 जानेवारी 1967 रोजी बॉन्ड यांनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच विधिमंडळाने लेस्टर मॅडॉक्स यांना गव्हर्नर निवडले, कारण निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नव्हते. हे मॅडॉक्स म्हणजे आपल्या उपाहारगृहाच्या दारातून काळ्या गिऱ्हाइकांना पिस्तूल आणि कुऱ्हाडीचा दांडा दाखवून पिटाळणारे गृहस्थ. अशा सभागृहात बॉन्ड यांनी पुढची आठ वर्षे काढली, आणि नंतर 1975 पासून 1987 पर्यंत राज्याच्या सिनेटमध्ये बारा.

1968 मध्ये शिकागोला भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुकारले गेले. पस्तीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हे अठ्ठावीसचे, म्हणून त्यांनी नाव मागे घेतले. 1971 मध्ये द्वेषाचे राजकारण करणाऱ्या संघटनांविरुद्ध न्यायालयात लढणारी संस्था माँटगोमेरीत निघाली. तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. देशभर भाषणांची आमंत्रणे येत. चेहरा देखणा, आवाज भारदस्त, वाक्ये घोटीव.

इथपर्यंतचे लोक सांगतात आणि थांबतात. आपल्या लेखकांनीही तेच केले असते, असे मला वाटते. मला तिथे थांबायचे नाही. वीस वर्षे आमदार राहिलेल्या माणसाचा हिशेब एका जानेवारीवर होत नाही.

बॉन्ड मतदारसंघापेक्षा व्यासपीठांवर जास्त दिसतात, अशी तक्रार अटलांटात हळूहळू वाढत गेली. ती सगळीच खोटी नव्हती. 1986 मध्ये त्यांनी राज्याच्या सिनेटची जागा सोडून वॉशिंग्टनच्या काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उमेदवारी केली. समोर उभे राहिले जॉन लुईस. होय, ते निवेदन वाचून दाखवणारे. ज्या शब्दांना 'हो' म्हटल्याबद्दल बॉन्ड वर्षभर दाराबाहेर राहिले, ते शब्द ज्यांच्या तोंडून निघाले ते लुईस. पंचवीस वर्षांची मैत्री, एकमेकांच्या घरी जाणे-येणे. लुईस शेतकऱ्याघरचे, बोलताना अडखळणारे. त्यांनी प्रचारात सांगितले, मिरवणारे जहाज नको, ओढणारी बोट निवडा. पहिल्या फेरीत बॉन्ड पुढे होते, पण बहुमताला थोडे कमी पडले. दुसऱ्या फेरीआधीच्या वादसभेत लुईस यांनी त्यांना अमली पदार्थांची चाचणी देण्याचे आव्हान दिले. बॉन्ड यांनी चाचणीला नकार दिला. 2 सप्टेंबरला निकाल लागला. लुईस 52 टक्के, बॉन्ड 48. कृष्णवर्णीय मतदारांत बॉन्ड पुढे होते. गोऱ्या मतदारांनी लुईस यांना भरभरून मते दिली.

ही तिसरी जोडी. मला वाटते बॉन्ड यांच्या आयुष्यात सगळ्यांत खोल गेलेली हीच असावी. त्या वेळी लुईस यांनी चाचणीचे आव्हान द्यायला नको होते, असे माझे मत आहे. मित्राबद्दल संशय असला तर तो घरात विचारायचा असतो, कॅमेऱ्यासमोर नाही. पण मतदारांनी दिलेल्या निकालाबद्दल मला तक्रार करता येत नाही. 1966 मध्ये ज्या गोष्टीचा 184 जणांना अधिकार नव्हता, ती गोष्ट 1986 मध्ये मतदारांनी केली आणि ती त्यांचीच होती. ज्यांना बॉन्ड हवे होते तेव्हा त्यांना बॉन्ड मिळायला हवे होते. जेव्हा लुईस हवे झाले तेव्हा लुईस. लुईस 2020 मध्ये वारले, तोपर्यंत लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले.

पुढच्या वर्षी, 1987 मध्ये, बॉन्ड यांच्या तेव्हाच्या पत्नीने ते कोकेन घेतात असे पोलिसांना सांगितले आणि नंतर ते विधान मागे घेतले. चौकशी झाली, बॉन्ड यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. पेपरांनी महिनोन् महिने तो विषय चघळला. लग्न मोडले. यावर मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही, पण एवढे लिहिणे भाग आहे. न लिहिले तर मीही एक परिच्छेद कामकाजातून काढून टाकल्यासारखे होईल आणि तो अधिकार प्रतिवेदकाला कधीच नव्हता.

त्यानंतर हा माणूस संपला नाही, याचे मला कौतुक वाटते. विद्यापीठांत शिकवू लागले. चळवळीवरच्या गाजलेल्या माहितीपट मालिकेत जो निवेदकाचा आवाज आहे तो त्यांचा. मुलीने तो मला ऐकवला. संथ, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. असा वक्ता समोर असला की प्रतिवेदकाची पेन्सिल मोडत नाही. 1998 ते 2010 ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. 2004 मध्ये त्यांनी भाषणात राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावर कडक टीका केली तेव्हा संघटनेची करसवलत तपासायला कर खात्याने चौकशी लावली. दोन वर्षांनी काही निघाले नाही. पुन्हा तेच! बोलले म्हणून चौकशी. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाच्या बाजूनेही ते उभे राहिले, तेही चळवळीतले अनेक जुने सोबती आणि चर्चचे पुढारी विरोधात असताना. 15 ऑगस्ट 2015 रोजी फ्लोरिडात ते गेले. रक्षा समुद्रात विसर्जित केली आणि कुटुंबीयांनी लोकांना सांगितले, की त्याच वेळी तुम्ही जिथे असाल तिथल्या पाण्यात फुले सोडा.

आता आपल्याकडचे थोडे. ही तुलना ओढून आणलेली नाही. 5 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र विधानसभेने 12 सदस्यांना एका वर्षासाठी निलंबित केले. मी तोवर निवृत्त झालो होतो, घरी दूरचित्रवाणीवर पाहत होतो. तिथे आरोप वर्तनाचा होता, मताचा नव्हता, आणि ते सदस्य शपथ घेऊन आत बसलेले होते, म्हणून दोन्ही प्रकरणे एक नाहीत. ते कोणत्या पक्षाचे होते यालाही माझ्या लेखी महत्त्व नाही. उद्या दुसऱ्या पक्षाचे असतील. पण 28 जानेवारी 2022 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन अधिवेशनापलीकडे टिकत नाही म्हणून रद्द केले, तेव्हा न्यायालयाने मतदारसंघाचाच विचार केला. बडतर्फ केले तर जागा रिक्त होते, पोटनिवडणूक लागते, लोकांना दुसरा कोणी पाठवता येतो. वर्षभराच्या निलंबनात जागा रिक्तही होत नाही आणि भरलेलीही राहत नाही, म्हणून ते बडतर्फीपेक्षा वाईट. निकाल ऐकला तेव्हा मला बॉन्ड माहीत नव्हते. इथे आल्यावर बॉन्ड यांच्या खटल्याचे निकालपत्र वाचताना ते दुपारचे बातमीपत्र आठवले.

आणि एप्रिल 2023 मध्ये टेनेसीत जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअरसन या दोन तरुण आमदारांना, बंदुकांच्या प्रश्नावर सभागृहात घोषणा दिल्या म्हणून, विधानसभेने काढून टाकले. ती मात्र खरी हकालपट्टी होती, तो शब्द तिथे बरोबर आहे. आठवड्याच्या आत स्थानिक मंडळांनी दोघांना परत पाठवले आणि ऑगस्टमध्ये मतदारांनी पुन्हा निवडून दिले. ज्यूलियन बॉन्ड यांचा जन्म टेनेसीतल्याच नॅशव्हिलचा.

मुलीचे म्हणणे असे, की वाचकाला 'हकालपट्टी' वाचून जे कळायचे ते कळते, माणसावर अन्याय झाला हे कळते. मला ते पटत नाही. 'हकालपट्टी' म्हटले की डोळ्यांसमोर एक माणूस येतो, त्याला कोणीतरी धरून बाहेर काढते आहे. 'शपथ नाकारली' म्हटले की दार बंद दिसते आणि दाराबाहेर त्या माणसाच्या मागे 2,320 लोक उभे दिसतात. त्यांतले एक किंग. बाकीचे कोण होते? मोलकरणी, शिक्षक, रेल्वेतले हमाल, दुकानदार असतील. त्यांची नावे कुठे नाहीत. त्यांनी फेब्रुवारीत पुन्हा मत दिले, सप्टेंबरात दिले, नोव्हेंबरात दिले. आपल्या लेखातून बॉन्ड गेले नाहीत, ही माणसे गेली.

म्हणून माझी विनंती. येत्या रविवारच्या पुरवणीत, जिथे आपण चुकांची दुरुस्ती छापता त्या चौकटीत, पुढील ओळी द्याव्यात. मी मोजून लिहिल्या आहेत, चौकटीत बसतील:

'मागील अंकातील लेखात ज्यूलियन बॉन्ड यांची जॉर्जियाच्या विधानसभेतून हकालपट्टी झाली असे म्हटले आहे. प्रत्यक्षात 10 जानेवारी 1966 रोजी सभागृहाने त्यांना शपथ घेऊ दिली नाही. त्याच मतदारसंघाने त्यांना त्याच वर्षी पुन्हा निवडून दिले. 9 जानेवारी 1967 रोजी त्यांनी शपथ घेतली.'

आपला नम्र,
एक निवृत्त प्रतिवेदक,
डोंबिवली (सध्या मुक्काम अल्फारेटा, जॉर्जिया)